टीव्हीच्या पेटीतला बुडवलेला चुकारा



कापूस काट्यावर गेला, मोजून झाला, गाडी रिकामी झाली आणि चुकाऱ्याची वेळ आली की शेठ हात वर करतो. हा अनुभव ज्याला आला नसेल तो भाग्यवान. आज आम्ही ज्या बुडवेगिरीबद्दल लिहिणार आहोत ती कापसाची नाही. ती आपल्या घरातल्या टीव्हीत आहे, खिशातल्या मोबाईलमध्ये आहे, आणि आता ट्रॅक्टरपर्यंत येऊन पोचली आहे. विषय शहरातला वाटेल. बैठकीत आम्ही तो पहिल्यांदा काढला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालेच, "कापसाचं बोला, टीव्हीचं काय घेऊन बसलात?" त्याच गृहस्थांनी शेवटी सर्वांत जास्त प्रश्न विचारले. तेव्हा एवढे पान पुरे वाचा, मग शिव्या द्या.

२०२२ च्या सुरुवातीला कापसाने दहा हजारांचा भाव दाखवला. कितीतरी वर्षांनी चार पैसे हातात राहिले. कुणी सावकार मिटवला, कुणी पोरीचे लग्न उरकले, आणि बऱ्याच घरांत भिंतीवर टीव्ही आला. नांदगाव तालुक्यातल्या आमच्या एका कार्यकर्त्याने नाशकात गंगापूर रोडवरच्या दुकानातून बत्तीस इंची घेतला. अडीच वर्षे चालला. मग एका सकाळी चालू केला तर कंपनीचे नाव पडद्यावर आले आणि तिथेच थांबले. दिवसभर तेच नाव. घरातल्या म्हातारीने हात जोडून पाहिले, पोरांनी चापट्या मारून पाहिल्या. टीव्ही हलला नाही.

कंपनीचा माणूस आला, त्याने आल्याचे पैसे आधी घेतले आणि सांगितले, "काच चांगली आहे. आतलं सॉफ्टवेअर बसलंय." मग ते पुन्हा घाला, म्हटले. "ते आमच्याकडे नसतं. हे मॉडेल कंपनीने बंद केलं. बोर्ड बदला." बोर्डाची किंमत टीव्हीच्या जवळजवळ निम्मी, आणि तोही मिळेलच याचा भरवसा नाही.

आता भावांनो, हे नीट समजून घ्या. वस्तू मोडलेली नाही. काच शाबूत, वायर शाबूत, वीज आत जाते आहे. फक्त आतले लिखाण, म्हणजे वस्तूने काय करायचे याच्या सूचना, बिघडल्या आहेत. जळालेली मोटार भरून घ्यावी तसे ते लिखाण पुन्हा भरले की काम झाले. पण मोटार भरणारा तालुक्याच्या गावात चार दुकाने सोडून बसतो. हे लिखाण भरणारा कुठेच नाही, कारण ते लिखाण कंपनीने कुलपात ठेवले आहे.

जिल्हा बैठकीसाठी आम्ही नाशकात गेलो तेव्हा तो टीव्ही सोबत नेला. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. तिथे संध्याकाळी एक इंजिनिअरिंगचा मुलगा काम करतो, गाव मालेगावकडचे, घरी ज्वारी-कापूस. त्याने टीव्ही उघडण्याच्या आधी विचारले, "पुस्तिका आहे का?" होती. रॉकेलच्या जुन्या डब्यात बिलासकट जपून ठेवलेली. त्याने शेवटचे पान काढले. मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिले होते, आणि त्याने आम्हाला मराठीत सांगितले. त्याचा मतलब असा: या टीव्हीतले काही सॉफ्टवेअर कंपनीचे नाही. ते जीपीएल नावाच्या परवान्याखाली घेतले आहे. जो कुणी लेखी मागेल त्याला कंपनी त्याचे मूळ लिखाण तीन वर्षांपर्यंत देईल, फक्त पाठवणावळीच्या खर्चात.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ज्या लिखाणासाठी कंपनीचा माणूस आम्हाला बोर्ड बदलायला सांगत होता, ते द्यायचे वचन त्याच कंपनीने आमच्याच घरातल्या डब्यात छापून ठेवले होते!

हा जीपीएल काय प्रकार आहे ते सांगतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा माणूस काम करीत होता. तिथल्या छापयंत्रात कागद अडकायचा. जुन्या यंत्राचे लिखाण हाताशी होते, तेव्हा स्टॉलमनने त्यात भर घालून अशी सोय केली होती की कागद अडकला की माणसांना तसा निरोप जावा. मग झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. तेही अडकायचे, पण त्याचे लिखाण कंपनीने दिले नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे ते होते. त्याच्याकडे मागायला गेला तर तो म्हणाला, कुणाला देणार नाही असे मी लिहून दिले आहे. अडकलेला कागद काढण्याचाही हक्क नाही, याची चीड स्टॉलमनच्या डोक्यात बसली. १९८३ साली त्याने जाहीर केले की सगळे सॉफ्टवेअर नव्याने, सर्वांसाठी मोकळे असे लिहून काढायचे. १९८९ साली त्याचा परवाना आला आणि १९९१ साली त्याची दुसरी आवृत्ती. त्याच वर्षी फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले आणि पुढच्याच वर्षी ते या परवान्याखाली आणले. जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. आज तुमचा अँड्रॉइड मोबाईल त्यावर चालतो. २०१७ साली पंधराशे रुपये अनामत भरून गावोगाव जो जिओफोन आला, त्याच्या पोटात तेच. आपल्या टीव्हीतही तेच निघाले.

परवान्याची अट आपल्याला समजायला अजिबात अवघड नाही. मालदांडीचे बी गावात कसे फिरत आले? मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याच्या आधी निवड झालेली ज्वारी आज जिरायत पट्ट्यात घरोघर आहे, ती काही सगळी पाकिटातून आलेली नाही. याने त्याला पायली दिली, त्याने पुढे दिली. कुणी असे केले नाही की शेजाऱ्याकडून बी घेतले आणि पुढच्याला देताना म्हटले, आता हे माझे, पेरायचे तर मला विचारून. जीपीएल एवढेच सांगतो. घ्या, वापरा, विका, नफा कमवा, कुणाची ना नाही. पण ज्याला वस्तू द्याल त्याला लिखाणही द्या, आणि त्याच अटीवर द्या.

म्हणजे हे फुकट नाही. ही गोष्ट कंपन्या मुद्दाम लपवतात आणि आपले शिकलेले लोकही विसरतात. जीपीएलची किंमत पैशात नाही, अटीत आहे. अट पाळणे हाच त्याचा चुकारा. टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने लाखो तासांची मेहनत मोजून घेतली, गाडी रिकामी करून घेतली आणि चुकाऱ्याच्या वेळी हात वर केले. आम्ही याला दुसरे नाव देत नाही.

आम्ही त्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र लिहिले. बिलाची नक्कल, मॉडेल नंबर, पुस्तिकेच्या पानाची झेरॉक्स, सगळे जोडले. महिन्याने उत्तर आले: "आपल्या जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा." सेवा केंद्राने सांगितले, असे काही आम्हाला माहीत नाही. दुसरे पत्र लिहिले. उत्तर आले की तांत्रिक माहिती गोपनीय आहे. जी माहिती तुमची नाही, जी उघडी ठेवायच्या अटीवरच तुम्हाला मिळाली, ती गोपनीय कशी?

हीच मंडळी दुसऱ्या बाजूला असली की परवान्याबद्दल किती कडक असतात ते आपण पाहिले आहे. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले. आमच्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा तुम्ही विनापरवाना लावला म्हणून काही शेतकऱ्यांकडून एक कोटीच्या वर नुकसानभरपाई मागितली. देशभर बोंब झाली तेव्हा दावे मागे घेतले. आपल्या २००१ च्या पीक वाण कायद्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचाही हक्क लिहून दिलेला आहे, तरी हे झाले. बीटी कापसाचे आठवा. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशेच्या घरात आणि त्यातले साडेबाराशे म्हणे तंत्रज्ञानाच्या परवान्याचे. २००६ साली आंध्र सरकार त्याविरुद्ध मक्तेदारी आयोगात गेले तेव्हा पाकीट साडेसातशेवर आले. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात कधीच नव्हतो. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी मोडून तणनाशक सहन करणारा कापूस उघडपणे पेरला. तंत्रज्ञान हवे म्हणूनच पेरला. ज्याने डोके चालवले त्याला दाम मिळावा हेही आम्हाला मान्य. आमचे म्हणणे एवढेच की परवाना पाळायचा तर सगळ्यांनी. शेतकऱ्याने मोडला तर कोटीचा दावा आणि कंपनीने मोडला तर सेवा केंद्राशी संपर्क साधावा, हा कुठला न्याय?

परदेशात हे भांडण केव्हाच कोर्टात गेले आहे. २००३ साली लिंक्सिस कंपनीच्या इंटरनेटच्या एका निळ्या-काळ्या डबीत लिनक्स निघाले आणि लिखाण दिलेले नव्हते. लोकांनी पिच्छा पुरवला, कंपनीला ते द्यावे लागले. आणि मग काय झाले ते पाहा. त्या लिखाणावरून २००४ साली लोकांनी ओपनडब्ल्यूआरटी नावाचे स्वतःचे सॉफ्टवेअर उभे केले. कंपनीने सोडून दिलेल्या डब्या पुढे कितीतरी वर्षे चालत राहिल्या आणि नवनव्या कंपन्यांच्या डब्याही त्यावर चालू लागल्या. त्याच २००४ साली जर्मनीत म्युनिचच्या न्यायालयाने हाराल्ड वेल्टे या लिनक्स लिहिणाऱ्याच्या बाजूने साइटकॉम कंपनीवर मनाई हुकूम दिला. हा परवाना कागदावरचा नाही, कोर्टात टिकतो, हे तेव्हा दिसले. २०१० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वेस्टिंगहाउस नावाने टीव्ही विकणाऱ्या कंपनीला अशाच मोकळ्या सॉफ्टवेअरचा परवाना मोडल्याबद्दल ९० हजार डॉलरचा भुर्दंड बसवला आणि उरलेले टीव्हीसुद्धा देऊन टाकायला सांगितले.

या सगळ्या खटल्यांत फिर्यादी होते लिखाण लिहिणारे. आपल्यासारख्या घेणाऱ्याचे काय? तो प्रश्न २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात उभा राहिला. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने दुकानातून व्हिझिओ कंपनीचे टीव्ही विकत घेतले आणि एक गिऱ्हाईक म्हणून लिखाण मागितले. त्यांचे म्हणणे, परवान्याचा करार ज्याच्या भल्यासाठी केला आहे तो घेणारा आहे, तेव्हा मागण्याचा हक्क त्याचाही आहे. कंपनी म्हणाली, तुमचा संबंध नाही, खटला इथेच निकालात काढा. २०२३ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी कंपनीची ही मागणी नाकारली. आमच्या नांदगावच्या कार्यकर्त्याचे म्हणणे यापेक्षा वेगळे काय आहे?

आता ट्रॅक्टरकडे येऊ. जॉन डिअरचा कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला आहे, तेव्हा ही गोष्ट लांबची समजू नका. २०१५ साली या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीला लिहून कळवले की ट्रॅक्टर घेणाऱ्याला आतल्या सॉफ्टवेअरचा फक्त वापरपरवाना मिळतो, मालकी नाही. म्हणजे लोखंड तुमचे, त्याचे डोके आमचे! सुगीच्या ऐन भरात यंत्र बंद पडले की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत बसून राहायचे. २०१७ साली बातम्या आल्या की तिकडचे शेतकरी युक्रेनमधून आलेले चोरटे सॉफ्टवेअर घालून आपलेच ट्रॅक्टर चालू करीत आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये वर सांगितलेल्या त्याच संस्थेने जाहीर आरोप केला की जॉन डिअरच्या यंत्रांत जीपीएलखालचे सॉफ्टवेअर आहे आणि कंपनी त्याचे लिखाण शेतकऱ्यांना नीट देत नाही. २०२५ च्या जानेवारीत तर तिथल्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगानेच दुरुस्ती अडवल्याबद्दल कंपनीवर दावा ठोकला. हजार एकरवाल्याची तिथे ही गत, तर चार एकर जिरायतवाल्याला कोण विचारतो?

आणि आपल्याकडे हे अनुदानाच्या पैशातून येणार आहे. ड्रोन दीदी योजना घ्या. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने मंजूर केली, बचत गटाच्या बायांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, आठ लाखांपर्यंत मदत. चांगली गोष्ट. बाईच्या पाठीवरचा पंप उतरला तर आम्हाला आनंदच आहे. पण ड्रोन उडवणारे आर्डुपायलट नावाचे एक सॉफ्टवेअर आहे, तेही जीपीएलखालचेच. ज्या ड्रोनात ते असेल त्याचे लिखाण गटाच्या हातात पडते की नाही, हे अनुदान देणाऱ्या साहेबाने कधी विचारले? अनुदानाचे पैसे आपल्या नावावर आणि किल्ली कंपनीच्या कमरेला, ही रीत आपल्याला एकाधिकार खरेदीपासून ठाऊक आहे. कापूस आपला, पण राज्याच्या हद्दीबाहेर नेला तर गुन्हा.

आम्हाला नेहमी विचारतात, शेतकरी काय ते लिखाण वाचणार आहे? नाही वाचणार. आम्ही मोटारही स्वतः भरत नाही आणि डॉक्टरचा एक्स-रेही स्वतः वाचत नाही, पण म्हणून एक्स-रे दवाखान्याने ठेवून घ्यावा असे कुणी म्हणत नाही. हक्क आपला असला की तो वापरणारा कारागीर आपोआप उभा राहतो. गंगापूर रोडच्या गल्लीतला तो मुलगा म्हणाला, "लिखाण आणि ते आत घालायची रीत द्या, मी असले पन्नास टीव्ही महिन्यात चालू करून देतो, पाचशे रुपयांत." आपल्या घरची पोरे शिकून नोकरीच्या रांगेत उभी आहेत. त्यांच्या हाताचे काम कंपन्यांच्या कुलपात आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर उद्या वकील ती आमच्या तोंडावर मारेल. परवान्याच्या १९९१ च्या आवृत्तीप्रमाणे लिखाण द्यावे लागते, पण बदललेले लिखाण त्याच पेटीत चालू दिलेच पाहिजे का, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. अमेरिकेतल्या टिवो कंपनीने नेमकी हीच वाट काढली. लिखाण दिले, पण कंपनीची सही नसलेले लिखाण पेटी चालवीनाच. ती पळवाट बुजवायला २००७ साली तिसरी आवृत्ती आली. लिनक्स मात्र दुसरीवरच राहिले, कारण खुद्द टोरवाल्ड्सला तिसरी मान्य नव्हती. पाटाचे पाणी दिले म्हणायचे आणि दाराला कुलूप लावायचे, असा हा मामला. आमचे मत स्पष्ट आहे: वस्तू ज्याची, किल्ली त्याची. पण आज आम्ही मागतो आहोत ते त्याच्याही अलीकडचे, जे पुस्तिकेत छापून दिले आहे तेवढेच.

आमचा यात जुना घावही आहे, तो सांगतो. या पत्रकाचे १९९० च्या दशकातले अंक ज्या मराठी अक्षरांत जुळवले, त्या कार्यक्रमाला संगणकाच्या मागे एक छोटे कुलूप लावावे लागे. कुलूप बिघडले, विकणारी कंपनी नवे देईना, आणि त्या अक्षरांची मांडणी तिची स्वतःची, दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात उघडेना. आमचीच भाषणे, आमचेच ठराव, आमचेच हिशेब आम्हाला वाचता येईनात. शेवटी जे कागदावर छापलेले उरले त्यावरून पोरांनी पुन्हा टाइप केले. चार वर्षांचे अंक गेले ते गेलेच.

आता काय करायचे? केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाईल आणि घरगुती वस्तूंबरोबर शेतीची अवजारेही घेतली आणि डिसेंबरात एक पोर्टल उघडले. तिथे कंपन्या आपल्या खुशीने माहिती देणार. खुशीने चुकारा देणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही. आमची मागणी अशी की अनुदानात बसणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या यादीबरोबर त्यातल्या मोकळ्या सॉफ्टवेअरचे लिखाण कृषी खात्याकडे जमा असावे आणि मागेल त्याला मिळावे. ते नसेल तर ते यंत्र यादीत नको.

टीव्हीचे प्रकरण आम्ही ग्राहक आयोगात नेणार आहोत. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, तेव्हा मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. एकाचा टीव्ही बिघडला तर आयोग म्हणेल अपवाद आहे. शंभर लोकांची पत्रे आणि शंभर लोकांना मिळालेली उत्तरे समोर ठेवली तर तसे म्हणता येणार नाही. म्हणून पुढच्या बैठकीला गंगापूर रोडला येताना टीव्ही, मोबाईल, मोटारीचा मोबाईल स्टार्टर, जे काही बंद पडले असेल त्याचे बिल आणि पुस्तिका आणा. पुस्तिका हरवली असेल तर वस्तू चालू असताना सेटिंगमध्ये परवान्यांचे पान असते, त्याचा फोटो काढून आणा. घरातल्या शिकत्या पोराला किंवा पोरीला सोबत आणा, इंग्रजी वाचायला. मागणीपत्राचा मसुदा टेबलावर ठेवलेला असेल, नाव-गाव भरून सही करायची. पाकिटावर पत्ता मात्र कंपनीच्या नोंदणीकृत कचेरीचा घाला. सेवा केंद्राच्या पत्त्यावर टाकलेली दोन पत्रे आमच्याकडे तशीच परत आली आहेत.